श्रीमंती गेली, गावे राहिली

नेदरलँड्स म्हणजे केवळ ट्यूलिपची शेते आणि पवनचक्क्या नव्हेत. आठवडाभर मोटारीने हिंडण्याची तयारी असेल तर तेथील जुनी गावे पाहावीत. पण डझनावारी गावांतून निवडायची कोणती?

युरोपच्या सहलींची कोणतीही जाहिरात पाहा. 'दहा देश, चौदा दिवस' अशा धावपळीत नेदरलँड्सच्या वाट्याला फार तर दीड दिवस येतो. सकाळी अॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून नौकाविहार, दुपारी मदुरोडॅममधील चिमुकल्या इमारती, ऋतू असेल तर कॉइकेनहॉफची फुले, एखाद्या पवनचक्कीपुढे सहकुटुंब छायाचित्र, की बस निघाली बेल्जियमच्या वाटेने! लाखो रुपये खर्चून गेलेले कुटुंब परत येते तेव्हा त्याच्याजवळ छायाचित्रे भरपूर असतात. पण तो देश कसा जगतो, हे विचारले तर सांगण्यासारखे फारसे काही नसते.

अलीकडे मात्र स्वतःच आखणी करून, मोटार भाड्याने घेऊन हिंडणारी भारतीय कुटुंबे वाढत आहेत. अशा प्रवासासाठी नेदरलँड्ससारखा सोयीचा देश शोधून सापडणार नाही. क्षेत्रफळ साडेएकेचाळीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. घाट नाहीत, रस्ते उत्तम आणि एका जुन्या गावाहून दुसऱ्या जुन्या गावाला जायला बहुधा तासभर पुरतो. अडचण येते ती निवडीची. प्रत्येक माहितीपुस्तिकेत कालवा, दगडी पूल, उंच चर्च आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराची घरे दिसतात. चित्रे पाहून निवड केली तर तिसऱ्या दिवशी मुले म्हणतात, "हे गाव काल पाहिले ना!"

असे होऊ नये म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ही गावे जुनी राहिली, ती कशामुळे?

गरिबीने राखलेली गावे

सोळाव्या-सतराव्या शतकात हा छोटासा देश जगातील अत्यंत श्रीमंत देशांपैकी एक होता. हेरिंग मासे, बाल्टिक समुद्राकडचे धान्य आणि लाकूड, पूर्वेकडचे मसाले आणि कापड यांच्या व्यापारातून बंदरांत पैसा आला आणि त्या पैशातून देखणी घरे उभी राहिली. पुढे कुठे नदीचे मुख गाळाने भरले, कुठे व्यापार अॅमस्टरडॅमने आणि रॉटरडॅमने ओढून नेला, तर कुठे समुद्रच बांध घालून अडवला गेला. गावांतला पैसा आटला. जुने पाडून नवे बांधायला कोणाजवळ काही उरले नाही, म्हणून जुने तसेच राहिले. विसाव्या शतकात त्याच जुन्या वास्तूंची किंमत कळली, कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले आणि डागडुजी सुरू झाली.

म्हणजे ज्या गावाचे नशीब लवकर फिरले, ते गाव आज अधिक सुंदर दिसते. हे सूत्र हाती आले की निवड सोपी होते. प्रत्येक गावाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे गाव कशावर जगत होते: समुद्रावर, नदीवर, लढाईवर की कारागिरीवर? एका प्रकारचे एकच, फार तर दोन गावे घ्यावीत. दुसरा, आज तेथे माणसे राहतात का? म्हणजे सकाळी पाववाल्याचे दुकान उघडते का, मुले सायकलवरून शाळेला जातात का, आठवड्याचा बाजार भरतो का? तिसरा, ते वाटेवर आहे का? केवळ एका चित्रासाठी दीडशे किलोमीटरचा वळसा घालण्यात अर्थ नाही.

या तीन कसोट्या लावून आखलेला सात दिवसांचा मार्ग पुढे दिला आहे. अॅमस्टरडॅमहून उत्तरेला, तेथून पूर्वेच्या आयसेल नदीकडे, मग देशाच्या मध्यातून पश्चिमेला डेल्फ्ट आणि शेवटी नैर्ऋत्येचा झीलंड प्रांत, असे हे वर्तुळ आहे.

मिऱ्यांच्या वखारी: होर्न आणि एंकहाउझेन

पहिला दिवस समुद्राच्या गावांचा. अॅमस्टरडॅमहून होर्न पाऊण तासावर आहे आणि तेथून एंकहाउझेन वीसेक किलोमीटरवर. ही गावे भारतीय पर्यटकाला परकी वाटण्याचे कारण नाही. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखा होत्या: अॅमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझेन. मलबारचे मिरे आणि कोरोमंडलचे सुती कापड याच धक्क्यांवर उतरत असे.

होर्नच्या मुख्य चौकात १६०९ मध्ये बांधलेले वजनकाट्याचे घर आहे. बंदरावर १५३२ चा बुरूज उभा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील 'केप हॉर्न' या भूशिराला नाव मिळाले ते या गावावरून. १६१६ मध्ये डच खलाशांनी ते दिले. चौकाच्या मधोमध यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे. हा होर्नचा सुपुत्र कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला आणि त्याने बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, वसवले. पण १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी त्याने बांदा बेटांवर जे केले ते भयंकर होते. तेथील बहुसंख्य रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. १८९३ मध्ये उभारलेल्या या पुतळ्यावरून गावात अनेक वर्षे वाद झाला. २०११ मध्ये एका क्रेनचा धक्का लागून पुतळा पडला आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा बसवताना त्याच्या कृत्यांची दुसरी बाजू सांगणारा मजकूर त्यावर लावण्यात आला. मुलांना बरोबर घेऊन जाणाऱ्यांनी या पुतळ्यापाशी पाच मिनिटे थांबावे. सभोवतालची सुंदर घरे कोणत्या पैशातून उभी राहिली, हे तेथे चांगले समजावून सांगता येते.

मुक्काम मात्र एंकहाउझेनला करावा. हे गाव अधिक शांत आहे. बंदराच्या तोंडावर १५४० चा 'ड्रोमेडारिस' नावाचा बुरूज आहे. भरभराटीच्या काळात गावाने दूरवर तट बांधला, पण व्यापार गेल्यावर वस्ती इतकी आटली की तटाच्या आत शेतकरी राहू लागले. तो भाग आजही 'शेतकऱ्यांचा कोपरा' म्हणूनच ओळखला जातो.

मराठी वाचकाला एंकहाउझेनची आणखी एक ओळख आहे. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा या गावात वाढलेला तरुण १५८३ मध्ये गोव्याला पोहोचला आणि तेथील आर्चबिशपचा सचिव म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. गोव्याचा बाजार, तेथील माणसे, आंबा, फणस, नारळ या साऱ्यांची त्याने बारकाईने नोंद केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी मार्गांची माहिती त्याने मिळवली. १५९६ मध्ये त्याचे 'इटिनेरारिओ' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि डच जहाजांना पूर्वेची वाट सापडायला त्याची मोठी मदत झाली. पुढे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डचांनी वेंगुर्ल्यात वखार थाटली ती गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठीच. लिन्सखोटेन १६११ मध्ये एंकहाउझेनलाच वारला.

येथील झाउडरझे संग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. त्याचा बंदिस्त भाग 'पेपरहाउस' म्हणजे मिऱ्यांच्या घरात आहे. ही कंपनीची जुनी वखार. १९८३ मध्ये खुल्या झालेल्या उघड्यावरील भागात ठिकठिकाणच्या कोळीवाड्यांतून उचलून आणलेली घरे, दुकाने आणि धुराड्या मांडल्या आहेत. मुले येथे कंटाळत नाहीत.

समुद्राच्या तळावरून नदीकाठी: काम्पेन, डेव्हेंटर, झुटफेन

दुसऱ्या दिवसाचा प्रवास मुलांच्या कायम लक्षात राहील असा आहे. एंकहाउझेनहून लेलिस्टाडला जाणारा रस्ता एका बांधावरून जातो. सव्वीस-सत्तावीस किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसते पाणी. १९३२ मध्ये उत्तरेला बत्तीस किलोमीटरचा महाबांध पूर्ण झाला आणि झाउडरझे या खाऱ्या समुद्राचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. होर्न, एंकहाउझेनसारख्या बंदरांचा समुद्राशी असलेला थेट संबंध तेव्हा तुटला. एंकहाउझेनचा बांध १९७५ चा. तो ओलांडला की गाडी फ्लेव्होलंड प्रांतात शिरते. हा जवळजवळ सारा प्रांत पूर्वी पाण्याखाली होता. सरळ रेघांचे रस्ते, सरळ रेघांची शेते आणि अगदी नवी गावे. जुने काहीच नाही, म्हणून येथे थांबण्याची गरज नाही. पण पुढे काम्पेनचे मनोरे दिसतात तेव्हा जुने म्हणजे काय ते एकदम जाणवते.

काम्पेन, डेव्हेंटर आणि झुटफेन ही हान्सा संघाची गावे. उत्तर युरोपातील व्यापारी शहरांचा हा मध्ययुगीन संघ होता. काम्पेनचे वैभव चौदाव्या-पंधराव्या शतकातले. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले आणि ते ओसरले. गावाच्या जुन्या वेशींपैकी तीन शाबूत आहेत. काम्पेनकरांच्या भोळेपणाच्या गोष्टी देशभर सांगितल्या जातात, आपल्याकडे शेखचिल्लीच्या सांगतात तशा. मनोऱ्याच्या माथ्यावर गवत उगवले, ते वाया जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी गाईच्या गळ्यात दोर बांधून तिला वर ओढले. बिचारीची जीभ बाहेर आली, तर खालचे लोक म्हणाले, "पाहा, आतापासूनच तिच्या तोंडाला पाणी सुटले!" काम्पेनकरांनी या थट्टेचा राग न मानता तिचा सोहळा केला. उन्हाळ्यात तेथील 'नव्या मनोऱ्या'वर खोटी गाय टांगलेली असते.

दुसरा आणि तिसरा मुक्काम डेव्हेंटरला करावा. चौकातील १५२८ च्या वजनकाट्याच्या घरावर एक मोठी तांब्याची कढई टांगलेली आहे. बनावट नाणी पाडणाऱ्याला तीत उकळून मारल्याची हकिकत गावकरी सांगतात. 'बेर्ख' म्हणजे टेकडी. त्या नावाच्या चढावरच्या वस्तीतील वाकड्यातिकड्या गल्ल्या एकेकाळी पार मोडकळीला आल्या होत्या. पाडून टाकण्याऐवजी त्या दुरुस्त झाल्या आणि आज तेथे माणसे आनंदाने राहतात. दुसऱ्या महायुद्धावरचा 'अ ब्रिज टू फार' हा १९७७ चा गाजलेला चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना येथील पूल ओळखीचा वाटेल. गोष्ट आर्नहेम शहराची, पण युद्धात आर्नहेमची इतकी पडझड झाली होती की चित्रीकरण डेव्हेंटरला करावे लागले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नदीकाठी जुन्या पुस्तकांचा प्रचंड बाजार भरतो. तो पाहायचा असेल तर मुक्कामाची व्यवस्था कित्येक महिने आधी करावी. मसाल्यांचा गोडसर 'डेव्हेंटर कूक' चहाबरोबर छान लागतो.

डेव्हेंटरहून झुटफेन वीस किलोमीटरच्या आत आहे. तेथील वालबुर्ग चर्चमध्ये सोळाव्या शतकातले वाचनालय आहे. पुस्तके चोरीला जाऊ नयेत म्हणून ती लोखंडी साखळ्यांनी मेजांना बांधलेली आहेत. साखळदंडातले ज्ञान पाहून मुलांना हसू येते आणि पुस्तक ही एकेकाळी केवढी मोलाची वस्तू होती, हेही कळते.

भिंतीतली घरे आणि निळी भांडी: आमर्सफोर्ट, डेल्फ्ट

चौथ्या दिवशी पश्चिमेकडे परतताना दुपारच्या जेवणासाठी आमर्सफोर्टला थांबावे. येथील 'कॉपेलपोर्ट' ही पंधराव्या शतकातील वेस दुहेरी आहे. एका कमानीतून रस्ता जातो आणि दुसरीतून नदी. गाव वाढले, नवा तट बांधला, तेव्हा जुन्या तटाच्या जागी त्याच्याच विटा-दगडांतून घरे उठली. 'भिंतीतली घरे' म्हणून ती ओळखली जातात आणि जुन्या तटाच्या वळणावळणाने ती आजही उभी आहेत. या गावाला डच लोक 'धोंड्याचे गाव' म्हणतात. १६६१ मध्ये एका उमरावाने पैज लावली आणि गावकऱ्यांनी सुमारे नऊ टनांचा एक दगड माळावरून गावात ओढून आणला. मोबदला काय, तर बिअर आणि खारी बिस्किटे. शेजारच्या गावांनी इतकी टिंगल केली की पुढे शरमेने तो दगड पुरून टाकला! १९०३ मध्ये तो पुन्हा उकरून काढला गेला आणि आता तो मानाने उभा आहे.

तेथून डेल्फ्ट दीड तासावर. हे गाव प्रसिद्ध आहे, गर्दीचेही आहे, तरी वगळू नये. पूर्वेहून आलेल्या चिनी मातीच्या भांड्यांची नक्कल करता करता येथील कारागिरांनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांची स्वतःची कला घडवली. १६५३ मध्ये सुरू झालेला एक कारखाना आजही चालू आहे. चित्रकार योहानेस व्हर्मीर येथेच १६३२ मध्ये जन्मला आणि १६७५ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारला. त्याची जेमतेम पस्तीस-छत्तीस चित्रे ज्ञात आहेत, पण त्यांतले एकही डेल्फ्टमध्ये नाही. मोत्याचे कर्णभूषण घातलेल्या मुलीचे आणि डेल्फ्टच्या देखाव्याचे अशी त्याची दोन विख्यात चित्रे पाहायला शेजारच्या हेग शहरातील मॉरिट्सहाउस संग्रहालयात जावे लागते. डेल्फ्टहून तेथे ट्राम जाते. त्या दिवशी मोटारीला विश्रांती द्यावी.

आजचे डेल्फ्ट दिसते तसे दिसण्यामागे एक दुर्घटना आहे. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर त्या भागात नवी घरे बांधली गेली. 'जुन्या चर्च'चा मनोरा मात्र त्याहून कितीतरी आधीपासून एका बाजूला कललेला आहे. कालव्याकाठच्या मऊ जमिनीत पाया खचल्यामुळे त्याचा झोक जवळजवळ दोन मीटर आहे.

पाण्याशी झुंज: झिरिकझे, मिडलबर्ग, फेरे

शेवटचे दोन दिवस झीलंडचे. हा प्रांत म्हणजे समुद्राच्या खाड्यांनी तोडलेली बेटे. डेल्फ्टहून सव्वा-दीड तासात झिरिकझे येते. तीन जुन्या वेशी, उघडझाप करणारे पूल आणि एक अपुरा राहिलेला 'जाडा मनोरा'. पंधराव्या शतकात या मनोऱ्याचे काम फार मोठ्या मनोरथांनी सुरू झाले. पैसा संपल्याने सुमारे ६२ मीटरवर थांबले ते कायमचेच. आजूबाजूच्या सपाट मुलखात तो फार दुरून दिसतो.

झिरिकझेजवळच औवरकेर्क हे खेडे आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि भरती एकत्र आली, बांध फुटले आणि झोपेतल्या गावांत समुद्र घुसला. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मेली. औवरकेर्कचे शेवटचे भगदाड बुजवायला नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी बुडवलेल्या काँक्रीटच्या अजस्र पेट्यांच्या आत आज त्या महापुराचे संग्रहालय आहे. जुन्या गावांची सहल म्हणून निघालेल्या कुटुंबाने येथे दीड तास अवश्य द्यावा. वेशी, मनोरे, कालवे हे सारे बांधांच्या भरवशावर उभे आहे, याची जाणीव येथे होते.

झिरिकझेहून पाच किलोमीटर लांबीच्या झीलंड पुलावरून मिडलबर्गला जाता येते. १९६५ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. मिडलबर्ग ही कंपनीची अॅमस्टरडॅमखालोखाल मोठी शाखा. १६०८ मध्ये दुर्बिणीच्या शोधाचा हक्क मागणारा हान्स लिपरहे हा चष्मेवाला येथलाच. येथे निवडीचा एक नाजूक प्रश्न उभा राहतो. मे १९४० मध्ये या शहराचा गाभा जळून खाक झाला. पंधराव्या शतकातील नगरभवन, मठ, 'लांब यान' हा नव्वद मीटरचा मनोरा हे सारे नंतर पुन्हा उभारलेले आहे. मग याला जुने म्हणायचे का? ज्यांना अस्सल जुनी वीट हवी, त्यांनी झिरिकझेलाच मुक्काम करावा. पण आपले गाव पुन्हा तसेच बांधायचे, हा लोकांचा निश्चयही पाहण्यासारखा असतो. मिडलबर्गच्या दप्तरखान्यात १७२० मध्ये स्थापन झालेल्या एका व्यापारी कंपनीची कागदपत्रे आहेत. तीत गुलामांच्या व्यापाराचा हिशेब इतका तपशीलवार लिहिलेला आहे की २०११ मध्ये युनेस्कोने ते दप्तर जागतिक स्मृतिवारशात नोंदवले.

सातव्या दिवशी सकाळी फेरे पाहावे. १५४१ पासून स्कॉटलंडची लोकर येथे उतरत असे. धक्क्यावरची 'स्कॉटिश घरे' त्याची साक्ष देतात. आज हे जेमतेम काही गल्ल्यांचे गाव आहे आणि त्याचे चर्च मात्र एखाद्या महानगराला शोभेल एवढे अवाढव्य आहे. १९६१ मध्ये खाडीवर बांध पडला, गाव पुरापासून सुरक्षित झाले आणि मासेमारीचा ताफा दुसऱ्या बंदरात गेला. सुरक्षितता आली, धंदा गेला. झीलंडच्या अनेक गावांची हीच कथा आहे.

परतताना नऊ किलोमीटरच्या ऑस्टरस्केल्ड बंधाऱ्यावरून यावे. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या या बंधाऱ्याचे पोलादी दरवाजे एरवी उघडे असतात आणि वादळात बंद होतात. खाडी कायमची बंद केली असती तर तेथील शिंपले आणि मासे संपले असते, म्हणून हा महागडा मार्ग निवडला गेला.

वगळावे ते काय?

खीटहोर्न या रस्त्यांऐवजी कालवे असलेल्या खेड्याचे नाव भारतीय पर्यटकांत फार झाले आहे. उन्हाळ्यातील दुपारी तेथे होड्यांची अशी दाटी होते की गाव दिसत नाही. जायचेच असेल तर सकाळी लवकर जावे. कोळ्यांच्या पारंपरिक वेशात छायाचित्रे काढून देणारे व्होलेंडामही गर्दीचे. त्यापेक्षा शेजारचे एडाम शांत आणि अधिक देखणे आहे. चीजचा बाजार पाहायचा असेल तर आल्कमारला शुक्रवारी किंवा खाउदाला, म्हणजे आपल्या 'गौडा' चीजच्या गावाला, गुरुवारी सकाळी जावे. दोन्ही बाजार उन्हाळ्याच्या मोसमातच भरतात. चांदणीच्या आकाराच्या तटबंदीची आवड असेल तर अॅमस्टरडॅमजवळचे नार्डेन पुरते. ईशान्य टोकाचे बुर्टांगे चित्रात अधिक आकर्षक दिसते, पण ते लांब आहे आणि बरेचसे नव्याने बांधलेले आहे. फ्रीसलंडमधील हिंडेलोपेन दुसऱ्या खेपेसाठी राखावे. तेथील पारंपरिक पोशाखात भारतातून गेलेली छापील चीट वापरली जाई. डच भाषेतला त्या कापडाचा 'सिट्स' हा शब्दही आपल्या छिटावरून आलेला आहे.

गाडी, घर आणि जेवण

वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे भारतीय चालकाने पहिला दिवसभर स्वतःला बजावत राहावे. पहिल्या दिवशी विमानातून उतरून लगेच गाडी हाती घेऊ नये. भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्यावा. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या तो अनेकदा मागतात. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि त्यांची टोके आपल्याकडे असली, तर थांबून समोरच्याला वाट द्यायची. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वळताना सायकलवाल्याकडे आधी पाहावे. महामार्गावर दिवसा बहुतेक ठिकाणी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते आणि कॅमेरे सतत पाहत असतात. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खास आसन सक्तीचे आहे. ते गाडीबरोबरच मागून घ्यावे. टोल जवळजवळ नाहीच. मात्र रॉटरडॅमच्या पश्चिमेला डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ए-२४ महामार्गावर तो आहे. तेथे नाके नाहीत, पैसे नंतर इंटरनेटवरून भरायचे असतात. विसरले तर दंड होतो.

गाडी लहान घ्यावी आणि ती जुन्या गावात नेऊ नये. गल्ल्या अरुंद असतात, गाडी उभी करण्याचे दर मध्यभागी फार चढे असतात आणि तटाबाहेरच्या वाहनतळावरून चौक दहा मिनिटांच्या चालीवर असतो.

जुन्या घरांत मुक्काम करताना एक गोष्ट आधी विचारावी: जिना कसा आहे? डच घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. पूर्वी सामानसुद्धा त्यांवरून नेता येत नसे, म्हणून घरांच्या माथ्यावर तुळई आणि आकडा असतो. सामान दोराने वर ओढून खिडकीतून आत घेत. बरोबर आजी-आजोबा असतील तर तळमजल्याचीच खोली मागावी.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. पानेकूक नावाचे मोठे धिरडे सफरचंद किंवा चीज घालून मिळते. पण कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, पारंपरिक डच चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट असते. शाकाहारी रेनेटचे चीज दुकानदार वेगळे दाखवतो. मोठ्या शहरांत सुरिनामी रोटीची दुकाने आहेत. १८७३ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडचे मजूर दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत नेले गेले. त्यांच्या वंशजांपैकी अनेकजण १९७५ च्या सुमारास नेदरलँड्सला आले आणि सोबत रोटी-भाजी घेऊन आले. हेगमध्ये ती सहज मिळते.

संग्रहालयांपैकी काही सोमवारी बंद असतात, तर काही मोठ्या दुरुस्तीसाठी महिनोन्महिने. निघण्यापूर्वी चौकशी करावी. लहान गावांत रविवारी बरीच दुकाने उघडत नाहीत. प्रवासासाठी मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. पाऊस मात्र कधीही येतो, म्हणून छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट बरे. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

सात दिवस नसतील आणि तीनच असतील तर? तर एंकहाउझेन, डेव्हेंटर आणि झिरिकझे ही तीन घ्यावीत: एक समुद्राचे, एक नदीचे, एक पुराला पुरून उरलेले. प्रत्येक ठिकाणी एक रात्र काढावी, हे सर्वांत महत्त्वाचे. दिवसभराचे पाहुणे पाच वाजता परत जातात. त्यानंतर खिडक्यांत दिवे लागतात, पडदे उघडेच असतात, कोणी सायकल दाराशी टेकवून आत जातो, धक्क्यावर दोन म्हातारे बोलत बसतात. चारशे वर्षांपूर्वी मिऱ्यांच्या आणि लोकरीच्या पैशाने बांधलेल्या या घरांत आज शिक्षक, परिचारिका, दुकानदार राहतात. गावे टिकली ती या माणसांमुळे, आणि त्यांना भेटायला संध्याकाळ गाठावी लागते.